मदत हवी आहे: हॉल बुकिंगची साइट आयफोनवर अडते, क्रोम टाकूनही तेच

घोडबंदर_फ्रंटएंड

घोडबंदर रोडवरच्या एका हाउसिंग सोसायटीची हॉल बुकिंग आणि मेंटेनन्सची साइट आहे. पुढे रिअ‍ॅक्ट, मागे पीएचपी आणि मायएसक्यूएल. विंडोजवर क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सगळ्या अँड्रॉइड फोनवर व्यवस्थित चालते. आयफोनवर मात्र:

१. आयफोन ७ (आयओएस १५.८) वर बुकिंग फॉर्मचं पान कोरं. बाकी पानं उघडतात.
२. त्याच फोनवर बुकिंगच्या यादीत तारखेच्या जागी 'इनव्हॅलिड डेट'.
३. नव्या आयफोनवर फॉर्म उघडतो, पण 'बुकिंग पक्कं करा' हे तळाचं बटण अ‍ॅड्रेस बारखाली दडतं.

सभासदांना आयफोनवर क्रोम टाकायला सांगितलं, फरक शून्य. ऑटोप्रीफिक्सर चालू आहे. मॅक नाही, विंडोज लॅपटॉपच आहे. पुढच्या महिन्यात हॉलचं बुकिंग सुरू होतंय आणि कमिटीत ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत, त्यांना फोनवरूनच करायचंय. कुठून सुरुवात करू?

ऐरोली_यूआय

क्रोम टाकायला सांगणं आधी थांबवा. आयफोनवरचा क्रोम हा फक्त वरचा साज आहे, आत इंजिन सफारीचंच, म्हणजे वेबकिट. २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून दुसऱ्या इंजिनाला वाट मिळाली ती युरोपीय संघात, आपल्याकडे नाही. शिवाय सफारी आयओएसबरोबरच पुढे सरकते आणि आयफोन ७ आयओएस १५ वरच थांबला आहे. त्या फोनवाल्याला 'ब्राउझर अपडेट करा' सांगून उपयोग नाही. बदल तुमच्याच कोडमध्ये करावा लागेल.

तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत, एकत्र शोधू नका.

कोऱ्या पानाबद्दल माझा पहिला संशय रेजेक्समधल्या (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्रातल्या) लुकबिहाइंडवर, म्हणजे 'याच्या आधी काय आहे' ते तपासणाऱ्या खुणेवर. तयार बिल्डच्या (साइटवर चढवायच्या अंतिम फाइलींच्या) फोल्डरमध्ये `(?<=` आणि `(?<!` शोधा. स्वतःच्या सोर्समध्ये शोधून भागणार नाही, कारण हे बरेचदा एखाद्या लायब्ररीतून येतं. क्रोममध्ये २०१७ पासून आहे, सफारीत १६.४ ला, म्हणजे मार्च २०२३ मध्ये आलं. जुन्या सफारीला ही सिंटॅक्स एररच वाटते, त्यामुळे ती अख्खी फाइल चालतच नाही. ट्राय-कॅच लावून काही होत नाही, कारण तिथपर्यंत पोचण्याआधीच सगळं थांबलेलं असतं. फक्त फॉर्मचंच पान कोरं, म्हणजे त्या पानाच्या जावास्क्रिप्टच्या वेगळ्या तुकड्यातच ते असणार. ऑटोप्रीफिक्सरचा इथे संबंध नाही, तो फक्त सीएसएसला प्रीफिक्स लावतो.

घोडबंदर_फ्रंटएंड

सापडलं! रकमेत लाख-हजाराचे स्वल्पविराम टाकायला तो रेजेक्स होता, फॉर्मच्याच तुकड्यात. आता त्याऐवजी काय लिहू?

ऐरोली_यूआय

रेजेक्स काढूनच टाका. जावास्क्रिप्टमधल्या 'इंटल'चा नंबरफॉरमॅट वापरा, लोकेल भारतीय इंग्रजी दिलं की १,२५,००० असे आपल्या पद्धतीचे गट पडतात. मराठी लोकेल दिलं तर आकडे देवनागरीत येतात. दाखवायला उत्तम, पण तोच मजकूर पुन्हा नंबरमध्ये बदलायला गेलात तर 'नॅन' (हा नंबर नाही) मिळेल. दाखवायची रक्कम आणि हिशेबाची रक्कम दोन वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा.

वागळे_बॅकएंड

तारखेचं मी सांगतो. मायएसक्यूएल '२०२५-०६-१४ १८:३०:००' असं देतं, मध्ये मोकळी जागा. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात मध्ये 'टी' असलेलंच रूप पक्कं ठरलेलं आहे. बाकी रूपं ब्राउझरच्या मर्जीवर. क्रोम समजून घेतो, जुनी सफारी नाकारते. पीएचपीतूनच 'टी' घालून, शेवटी +०५:३० जोडून पाठवा.

ते +०५:३० विसरू नका. ते नसेल तर वेळ ज्याच्या त्याच्या फोनच्या टाइमझोनने वाचली जाते, मग दुबईत बसलेल्या सभासदाचं साडेसहा आणि ठाण्याचं साडेसहा एक राहत नाही. आणि दाखवताना टाइमझोन 'एशिया/कोलकाता' द्या, नाहीतर त्याला हॉल पाच वाजता दिसेल.

अजून एक खड्डा, हा सगळ्याच ब्राउझरमध्ये आहे. कॅलेंडरमधून १४ जून निवडला की आपल्या मध्यरात्रीची वेळ तयार होते. तिला 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' लावलं की १३ जून १८:३० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) होतं, आणि पहिली दहा अक्षरं कापून घेतली की बुकिंग आदल्या दिवसाचं. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे काढून जोडा. महिन्यात एक मिळवायला विसरू नका, तिथे जानेवारी शून्य असतो.

घोडबंदर_फ्रंटएंड

दोन्ही सुटले, आयफोन ७ वर फॉर्म आणि तारखा नीट आहेत. खूप आभार. बटण अजून दडलेलंच. कंटेनरची उंची १०० व्हीएच, म्हणजे स्क्रीनच्या पूर्ण उंचीएवढी आहे.

सीवूड्स_सीएसएस

तेच कारण. आयफोनवर १०० व्हीएच म्हणजे अ‍ॅड्रेस बार आकसल्यावरची उंची. बार पूर्ण उघडा असला की तळाचा भाग त्याखाली जातो, आणि आयओएस १५ पासून बार मुळात तळालाच असतो. एकाखाली एक दोन ओळी लिहा: आधी १०० व्हीएच, मग १०० डीव्हीएच (बारप्रमाणे बदलणारी, दिसत्या भागाची उंची). ज्याला डीव्हीएच कळत नाही तो पहिली ओळ धरतो. सफारीत १५.४ पासून आहे, म्हणजे तुमच्या आयफोन ७ लाही चालेल.

व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये 'व्ह्यूपोर्ट-फिट' कव्हर ठेवलंत तर बटणाच्या पट्टीला खालून 'सेफ-एरिया-इनसेट-बॉटम' एवढं पॅडिंग द्या, नाहीतर होम बटण नसलेल्या फोनवर खालची आडवी रेघ बटणावर येते.

फॉर्ममधल्या इनपुटचा फाँट १६ पिक्सेलच्या खाली असेल तर आयफोन टॅप करताच झूम करतो. त्यावर उपाय म्हणून झूमच बंद करू नका. अँड्रॉइडवर ते खरोखर बंद होतं आणि बारीक अक्षर मोठं करून वाचणाऱ्या ज्येष्ठांची वाट अडते. फाँट १६ करा, बस.

आणि बटणावर मराठी आहे म्हणून: विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर, तिन्हींची उंची वेगळी. लाइन-हाइट १ आणि ओव्हरफ्लो हिडन असेल तर एका फोनवर 'बुकिंग'चा उकार कापला जातो आणि दुसऱ्यावर पूर्ण दिसतो. देवनागरीला निदान १.५ द्या. लेटर-स्पेसिंग अजिबात नको, शिरोरेषा तुटते.

ऐरोली_यूआय

मॅक नसताना तपासायला: प्लेराइट या ब्राउझर-चाचणीच्या साधनातलं वेबकिट विंडोजवर चालतं, मांडणीच्या बऱ्याच चुका त्यात दिसतात. पण ते नव्या आवृत्तीचं असतं आणि त्यात आयफोनचा अ‍ॅड्रेस बार नसतो, म्हणून तुमच्या तिन्ही तक्रारी त्यात दिसल्या नसत्या. त्यासाठी खरा फोन हवा, नाहीतर भाड्याने खरे फोन देणारी सेवा.

तोवर पानाच्या अगदी वर, मुख्य बंडलच्या (साइटच्या एकत्र केलेल्या जावास्क्रिप्ट फाइलच्या) आधी, जुन्या पद्धतीच्या जावास्क्रिप्टमध्ये 'विंडो डॉट ऑनएरर'ची छोटी स्क्रिप्ट टाका. चूक, फाइलचं नाव, ओळ आणि यूजर-एजंट (ब्राउझरची ओळख) सर्व्हरवर पाठवा. बंडलच्या आत ठेवलीत तर बंडल मोडल्यावर तीही मोडते.

घोडबंदर_फ्रंटएंड

डीव्हीएचने बटण वर आलं. ऑनएररही टाकला. त्यात काही दिसत नाही, पण आयफोनवर पेमेंटची नवी विंडो उघडतच नाही. आधी सर्व्हरकडून ऑर्डर नंबर मागवतो, तो आला की 'विंडो डॉट ओपन'.

वागळे_बॅकएंड

टॅप आणि ओपनच्या मध्ये तुम्ही सर्व्हरची वाट बघता, म्हणून सफारी त्याला पॉपअप समजून अडवते. त्यात चूक फेकली जात नाही, ओपनकडून 'नल' येतं, म्हणून ऑनएरर गप्प. नवी विंडो नकोच, ऑर्डर नंबर आला की त्याच टॅबमध्ये पेमेंटच्या पत्त्यावर न्या. परत येण्याचा पत्ता पेमेंटच्या सेटिंगमध्ये दिलाय ना, तेवढं बघा.