पिकअपचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल कंपनीचंच आहे हे कसं ओळखायचं?

ओतूरकर_शेती
राम राम मंडळी. टोमॅटो-कांदा मार्केटला न्यायला जुनी बोलेरो पिकअप बघतोय. 2018 ची आहे, दुसरा मालक, चार लाख साठ हजार सांगतोय. माझी झेप साडेचारपर्यंत, त्यातच नावावर करणं आणि विमा. मालक म्हणतो, "सगळं कंपनीचं आहे, पाना लागलेला नाही." पण आमच्या मिस्त्रीला गिअरबॉक्सचा रंग वेगळा वाटला. कुठं काय बघायचं ते सांगा. नवीन घ्या म्हणू नका, परवडणार नाही.

सारथी_सांगली
दादा, अजून दोन-तीन लाख घाला आणि कमी चाललेली गाडी घ्या. मी तसंच केलं, चार वर्षांत ऑइल आणि ब्रेक लायनर सोडून खर्च नाही. जुन्या गाडीत जीव अडकवू नका.

पाटील_ट्रान्सपोर्ट
सोपं आहे. आरसीवर 2523 सीसी लिहिलंय का बघा. असेल तर इंजिन ओरिजिनल.

मिस्त्री_मंचर
पाटीलसाहेब, हे चुकीचं आहे, कुणी यावर विसंबू नका. महिंद्राचं जुनं डीआय (साध्या डिझेल पंपावर चालणारं) इंजिनही 2523 सीसीचं आणि नंतरचं कॉमन रेलवालं एमटूडीआयसीआरही 2523 सीसीचंच. नुसत्या सीसीवरून काही कळत नाही. स्कॉर्पिओचं एमहॉक आणि टाटाचं 2.2 लिटर डायकॉर, दोन्ही 2179 सीसी. कंपन्याच वेगळ्या!

बॉनेट उघडून नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) बघा. जुन्या डीआयला पंपातून चार बारीक नळ्या थेट चार नोझलला जातात, नोझलवर वायर नसते. कॉमन रेलला पंपातून एक नळी जाड दांडीला जाते, तिथून चार नळ्या इंजेक्टरला, आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचा सॉकेट असतो. 2018 ची गाडी बीएस-4 (धुराच्या सरकारी नियमाची पायरी). त्यात पंपाचं इंजिन दिसलं तर कुणीतरी बदललंय, खात्रीने समजा.

डीआय_प्रेमी
बदललं असलं तर चांगलंच की! डीआयला ना सेन्सर ना ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), रानात कुणीही दुरुस्त करतं. माझं आजही एका सेल्फमध्ये चालू होतं.

सारथी_सांगली
ॲव्हरेज सांगा ना मग. धुराचंही सांगा.

डीआय_प्रेमी
धूर नोझल खराब असल्यावर येतो. नीट ठेवली की येत नाही.

कोर्टकचेरी
धूर राहू द्या, कागदांचं बघा. इंजिन बदलून आरसीत नोंद केली नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग होतो. माझ्या मेहुण्याने अशी गाडी घेतली. अपघातानंतर सर्व्हेअरने इंजिन नंबर जुळवला, तो जुळला नाही आणि क्लेम आठ महिने लटकला. ब्लॉकवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर लावून बघा. आजूबाजूचं बीड घासल्यासारखं गुळगुळीत दिसलं किंवा अक्षरांची खोली कमी-जास्त वाटली तर तिथूनच माघारी फिरा.

चासी नंबर 17 अक्षरी असतो. महिंद्राचा एमए1 ने सुरू होतो, टाटाचा एमएटी ने. दहावं अक्षर सालाचं: जी 2016, एच 2017, जे 2018. मधला आय वापरत नाहीत. पेन्सिलीने छाप काढूनच घ्या, फोटोत चकवा बसतो.

पाटील_ट्रान्सपोर्ट
मीही तेच म्हणतोय, इंजिन नंबर आरसीशी जुळवा.

ओतूरकर_शेती
आज जाऊन आलो. इंजेक्टरवर सॉकेट आहेत, इंजिन नंबर जुळला, दहावं अक्षर जे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं कसं ओळखू? ते तर आरसीवर नसतं.

मिस्त्री_मंचर
गिअरबॉक्स कधी उतरवला होता का हे बेल हाउसिंगच्या (इंजिनला जोडलेल्या त्याच्या पुढच्या खोक्याच्या) बोल्टवरून कळतं. डोक्यांवर ताज्या पान्याच्या खुणा, काही बोल्ट वेगळ्या मेकचे. पण बॉक्स त्याच मॉडेलचा असेल तर घाबरू नका.

खरी गोची डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरांची. लोक भंगारातून दुसऱ्या रेशोचा (दातांचं प्रमाण वेगळं असलेला) क्राउन-पिनियन, म्हणजे त्यातल्या दोन दातेरी चाकांची जोडी, टाकतात. गाडी न्यूट्रलला ठेवा, पुढच्या चाकांना दगड लावा, हॅन्डब्रेक सोडा, मागचं एकच चाक उचला. जॅकवर भरवसा नको, खाली ठोकळा द्या. चाकावर आणि जॉइंट शाफ्टवर (गिअरबॉक्समधून मागे जाणाऱ्या दांड्यावर) खडूची खूण करा, चाक दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. जो आकडा येईल तो रेशो.

सारथी_सांगली
दोन फेरे का? एकच फिरवायचा. आमच्याकडे एकच फिरवतात.

मिस्त्री_मंचर
दोन्ही चाकं उचलून दोन्ही बरोबर फिरवली तर एक फेरा. एक चाक जमिनीवर अडलेलं असलं की वरचं दुप्पट फिरतं, म्हणून दोन. ओतूरकर, गावात त्याच सालाची, त्याच टायर साइजची, पाना न लागलेली पिकअप असेल तर तिच्यावरही मोजा आणि ताडून बघा.

ओतूरकर_शेती
चुलत्यांच्या पिकअपवर मोजलं, मग हिच्यावर तीनदा मोजलं. हिचा शाफ्ट जवळपास अर्धा फेरा कमी भरतो.

मिस्त्री_मंचर
म्हणजे पिनियन बदललाय. मीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालतो, तेव्हा काटा 50 वर असताना मोबाईलच्या जीपीएसवर 55-56 दिसेल. मीटरवर दिसतात त्याहून किलोमीटरही जास्त झालेत. सपाटीला गाडी पळेल, पण भरल्या हौद्याने घाटात पहिल्या गिअरला दम लागेल आणि क्लच प्लेट लवकर जाईल. मालकाकडून आधी क्राउन-पिनियन बदलून घ्या, नाहीतर सोडा.

कोर्टकचेरी
सोडा. जो "पाना लागला नाही" म्हणून खोटं बोलला, त्याच्यावर पुढे कसा विश्वास ठेवणार?

डीआय_प्रेमी
सोडा आणि डीआय शोधा.

ओतूरकर_शेती
जीपीएसवर 56 आलं, मिस्त्रीभाऊ. आकडे मालकासमोर ठेवले तेव्हा तो कबूल झाला, आधीच्या मालकाने बदललं म्हणाला. चार लाख पाचला सौदा झाला. तुम्ही सगळे नको म्हणालात, तरी घेतोय. माझी रोजची फेरी ओतूर ते नारायणगाव, रस्ता सपाट. माळशेज उतरून कल्याणला वर्षातून दोनदाच जाणं होतं. इंजिन आणि कागद चोख आहेत, ते मी तुमच्यामुळेच तपासू शकलो. शनिवारी टीटीओचे (गाडी नावावर करायचे) फॉर्म भरतोय. क्लच प्लेट कुठल्या मेकची टाकू, तेवढं सांगून ठेवा.