नेपाळला आधार चालतं का? घरचे सहा जण आहोत, पासपोर्ट एकाकडेही नाही

अमळनेरकर
राम राम मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन पशुपतिनाथ, मुक्तिनाथ आणि जमलं तर लुंबिनी असा बेत आहे. जळगावहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सुनौली बॉर्डर, आणि येताना काठमांडू ते दिल्ली विमान, कारण वडिलांना परत तेवढी बस झेपणार नाही. ट्रॅव्हलवाला सांगून राहिला की सगळ्यांचे आधार घ्या, बाकी काही लागत नाही. पण मला धाकधूक आहे, वडील 71, आई 63, मी आणि मिसेस चाळिशीतले, मुलगी 16 ची अकरावीला, मुलगा 11. आईच्या मतदान कार्डावर नावापुढे बाई लागलंय आणि आधारवर नाही, मिसेसचं मतदान कार्ड अजून माहेरच्या नावाने शिरपूरचं आहे. कोणी नक्की माहिती द्या, आईची खूप वर्षांची इच्छा आहे, बॉर्डरवरून परत यायची वेळ नको यायला.

भुसावळ_जंक्शन
भाऊ, ट्रॅव्हलवाल्याचं अर्धंच खरं आहे. व्हिसा आपल्याला लागत नाही हे बरोबर, पण ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड, या दोनपैकी एक पाहिजे. आधार चालतं ते फक्त 15 च्या आतल्या आणि 65 च्या वरच्या लोकांना, ते पण 2019 पासून. म्हणजे तुमच्या वडिलांचं आणि मुलाचं काम आधारवर होईल. या वयात पॅन, लायसन किंवा रेशन कार्डही चालतं, फक्त त्यावर फोटो पाहिजे आणि वय-ओळख पटली पाहिजे. आई 63 च्या आहेत म्हणजे सवलतीत बसत नाहीत, लोक इथंच फसतात, ज्येष्ठ नागरिक म्हटलं की साठ धरतात आणि इथं हिशोब पासष्टचा आहे. तुम्ही, वहिनी आणि आई तिघांनी ओरिजिनल मतदान कार्ड घ्या, झेरॉक्स किंवा मोबाईलमधल्या फोटोच्या भरवशावर निघू नका.

चोपडेकर
आम्ही गावची मंडळी गाडी करून सुनौलीतूनच गेलो होतो, कोणी काही विचारलं नाही भो, गाडीचे पेपर बघितले, भन्सार म्हणजे नेपाळचा गाडीचा कर भरला आणि सोडून दिलं. उगाच टेन्शन घेऊ नका.

भुसावळ_जंक्शन
चोपडेकर भाऊ, तुमचा अनुभव खरा असेल, बॉर्डर खुली आहे, रोज हजारो लोक बाजारहाटाला इकडून तिकडे जातात, प्रत्येकाला थांबवत नाहीत. पण यांना येताना विमान आहे. काठमांडूच्या विमानतळावर कार्ड बघितल्याशिवाय बोर्डिंग पास नाही, तिथं आई अडकल्या तर मग दूतावासात जाऊन इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे पासपोर्टऐवजी परत यायचा तात्पुरता कागद, काढत बसा. आणि रस्त्याने जातानाही कधी सणासुदीला चेकिंग कडक करतील याचा नेम नसतो. म्हातारी माणसं सोबत असताना अशी रिस्क घ्यायला सांगू नका, हात जोडून सांगतो.

सातपुडा_ताई
मुलीचं कोणीच बोललं नाही. 15 ते 18 च्या मुलांसाठी शाळेच्या प्रिन्सिपलचं ओळख प्रमाणपत्र लागतं, त्याचा ठरलेला नमुना आहे, काठमांडूच्या भारतीय दूतावासाच्या वेबसाईटवर मिळेल. अकरावीला आहे म्हणजे ज्युनिअर कॉलेजमधून घ्या, फोटोवर शिक्का मारून घ्या आणि दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच घ्या, नंतर ऑफिसला कोणी भेटत नाही. नियमात असंही आहे की कुटुंब एकत्र असेल आणि घरातल्या एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदान कार्ड असेल तर बाकीच्यांचं फोटोवालं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा चालतो, जसं की रेशन कार्ड, कॉलेजचं आयडी. पण काउंटरवरचा माणूस ते मानेल की नाही यावर मी तरी आईला सोडणार नाही. रेशन कार्ड सोबत ठेवा, आधार पण ठेवा, पण मुख्य कागद ज्याचा त्याचा असू द्या.
नावाचं म्हणाल तर विमानाचं तिकीट आधार बघून काढू नका, मतदान कार्डावर जसं नाव आहे तसंच्या तसं टाका, आईचं बाई लावून आणि मिसेसचं माहेरच्या नावाने. मिसेसच्या कार्डावर पत्ता शिरपूरचा आहे तर असू दे, ओळख पटायला ते कार्ड चालतं. दुरुस्ती करायचीच असेल तर फॉर्म 8 ऑनलाईन भरता येतो, नाव-पत्ता बदल आणि हरवलेल्या कार्डासाठी तोच, पण नवीन कार्ड हातात पडायला वेळ लागतो म्हणून जायच्या तोंडावर त्यात हात घालू नका, आल्यावर करा.

धुळेकर_५१
याच विषयात विचारतो, भूतानला पण असंच आहे का? आणि कैलास मानसरोवर नेपाळमार्गे?

भुसावळ_जंक्शन
भूतानला पण पासपोर्ट किंवा मतदान कार्ड, मोठ्यांना आधारवर प्रवेश नाही. लहान मुलांचा जन्माचा दाखला घ्या, तो पण इंग्रजीतला. शिवाय तिथं परमिट काढावं लागतं आणि आपल्या लोकांना माणशी एका रात्रीचे 1200 रुपये फी आहे, ते बजेटमध्ये धरा. कैलास तिबेटमध्ये म्हणजे चीनमध्ये येतं, तिथं पासपोर्टशिवाय काहीच नाही.

अमळनेरकर
खूप आभार ताई आणि भाऊ. विमानाचं तिकीट अजून काढलेलं नाही, आता कार्ड समोर ठेवूनच काढतो. सोमवारी मुलीच्या कॉलेजात अर्ज देतो. जनकपूर पण करावं असं आई म्हणते, ते रस्त्यात पडतं का?

सातपुडा_ताई
नाही पडत, ते पूर्वेला बिहारच्या बाजूला आहे, सुनौलीहून लांब. त्यासाठी आपल्याकडून पवन एक्सप्रेस सोयीची, ती भुसावळवरून थेट जयनगरला जाते आणि जयनगरहून जनकपूरला नेपाळची रेल्वे आहे, 2022 ला परत सुरू झाली. या वेळी मुक्तिनाथ आहे तर तेवढंच करा, ते 3700 मीटरच्या वर आहे, वडिलांना पोखऱ्यात एक-दोन दिवस आराम देऊन मग वर न्या, आणि आधी डॉक्टरला दाखवून घ्या. खर्चाला शंभरच्या नोटा जास्त ठेवा.