इतिहासाची पदवी, मोडीची आवड आणि पुढची वाट

प्रश्न
मी साताऱ्यात बी.ए. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात मोडीचा वर्ग केला आणि आजोबांच्या ट्रंकेतले एक खत वाचायला घेतले. तीन दिवसांत जेमतेम चार ओळी लागल्या, पण तेव्हापासून दुसऱ्या कशात मन लागत नाही. पदवीनंतर इतिहासात एम.ए. करून प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा द्यावी, की डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाला प्रवेश घ्यावा? घरच्यांचा आग्रह अर्थातच स्पर्धा परीक्षेचा आहे.

उत्तर १
कागदांची ओढ असेल तर इतिहासातच एम.ए. करावे. पुरातत्त्व हा उत्खननाचा, खापरांचा आणि थरांचा अभ्यास आहे. तो मोडीचा पुढचा टप्पा नव्हे.

उत्तर २
अक्षरओळख हा मोडीतला सोपा भाग आहे. आधी ओळ आखून तिला अक्षरे टांगलेली, शब्द न तोडलेले आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे खरी कसोटी संदर्भाची असते. फारसी शब्द आणि कालगणना यांवर वर्षभर मेहनत घ्या. शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांवरची वर्षगणना, अरबी अंकशब्दांत, एककापासून लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की पानिपतचा काळ येतो. पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशवाईच्या कागदपत्रांच्या संग्रहातून, इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी निवडलेले ४५ खंड छापील आहेत. त्यांतील पत्रे वाचून भाषा कानात बसू द्या, मग मूळ कागद हाती घ्या.

उत्तर ३
पोटापाण्याचे बोलायचे तर, जमिनीच्या आणि वारसाच्या दाव्यांसाठी मोडीचे लिप्यंतर लागते, आणि २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर वाचकांची एकदम गरज भासली. मात्र अशी कामे भरती-ओहोटीसारखी असतात, म्हणून एम.ए. आणि नेट सोडू नये. घरच्यांना ‘छंद’ म्हणून सांगू नका, वाचलेला कागद दाखवा.

प्रश्नकर्ता
आपले सर्वांचे आभार. एम.ए. इतिहासच करीन. आज खताचा माथा पुन्हा पाहिला: ‘खमस अशरीन मयातैन व अलफ’, म्हणजे १२२५, म्हणजेच १८२४-२५. कागद साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या काळातला निघाला. पाचवी ओळ अजून अडलेलीच आहे.