मदत हवी आहे: लाइन मोकळी, तरी पावसात नहाणीतून पाणी वर येतं (दांडिया बाजार, बडोदा)

नमस्कार मंडळी. दांडिया बाजाराच्या मागे आमचं आजोबांपासूनचं घर. गल्लीत अकरा घरं आणि सगळ्यांची मिळून एकच सहा इंची स्टोनवेअरची ड्रेनेज लाइन.

उन्हाळ्यात काही त्रास नाही. जोराची सर आली की अर्ध्या तासात तळमजल्याच्या नहाणीत जाळीतून पाणी वर येतं. आई जाळीवर वाळूची पिशवी ठेवते, वर पाटा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला ते सोडा, मी साध्या पावसाचं बोलतोय.

तक्रार केली की गाडी येते, जेटिंग होतं (जोराच्या पाण्याने लाइन धुतात), 'लाइन क्लिअर छे' म्हणतात आणि जातात. गंमत म्हणजे लाइन खरंच मोकळी असते! परवा पाऊस थांबून दीड दिवस झाला होता. रात्री तीनला चेंबरचं झाकण सरकवून टॉर्च मारला. गल्ली झोपलेली, तरी चार बोटं पाणी वाहत होतं. तेही इतकं नितळ, की तळाशी अडकलेला कुणाचा तरी चमचा दिसला.

हे पाणी शिरतं कुठून, ते कमी खर्चात कसं शोधायचं? शेजारचे काका म्हणतात, लाइन आठ इंची करा. मला पटत नाही, पण समजावता येत नाही.

जुना ओव्हरसियर:
तुम्ही रात्री तीनला बघितलंत, तिथेच अर्धं काम झालं. त्या वेळी नितळ पाणी वाहतंय म्हणजे जमिनीतलं पाणी सांध्यांतून किंवा चेंबरच्या विटांतून झिरपतंय. वाड्यात विहीर आहे का? दोरी सोडून बघा. विहिरीची पातळी चेंबरच्या तळापेक्षा वर असेल तर शंकाच नको. चेंबरमध्ये रेती साठत असेल तर पाइप फुटलाय किंवा सांधा उघडलाय. मग कॅमेरा घालून नेमकी जागा बघायची आणि तेवढंच उकरायचं.

अर्ध्या तासात वर येणारं पाणी मात्र झिरप्याचं नाही. ते गच्च्यांचं. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर तासात 50 मिमी पाऊस पडला तर 5,000 लिटर पाणी होतं. पाच माणसांच्या घराचं सांडपाणी माणशी 135 लिटर वापराच्या हिशेबाने, त्यातलं 80 टक्के ड्रेनेजमध्ये जातं असं धरून, दिवसाला 540 लिटर. म्हणजे एक गच्ची तासाभरात नऊ घरांचं दिवसाचं पाणी ओतते. काकांना हा हिशेब दाखवा. आठ इंची टाकली तरी फुटके सांधे आणि गच्च्या तशाच राहणार.

प्रत्येक घराच्या पन्हळीत बादलीभर रंगीत पाणी ओता आणि चेंबरपाशी थांबा. रंग दिसला, तर ती गच्ची ड्रेनेजला जोडलेली. चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका, वायूने माणूस जातो.

सुरसागरकाठचा:
तोवर नहाणीच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) बसवा. आम्ही बसवलाय. फक्त तो मिटलेला असताना घरातलंही पाणी बाहेर जात नाही, म्हणजे पाऊस थांबेपर्यंत आंघोळ नाही!

धागाकर्ता:
आभार. रविवारी होळीचा उरलेला हिरवा रंग घेऊन बसलो. अकरापैकी चार गच्च्या ड्रेनेजमध्ये निघाल्या. काकांची निघेल म्हणून मी टपून होतो, त्यांची नाही निघाली. आमची निघाली. बाबांनी कधीतरी पन्हळ न्हाणीघराच्या पाइपला जोडून टाकली होती. काका चहा पिऊन गेले, काही बोलले नाहीत.

विहिरीचं पाणी जमिनीखाली साडेतीन फुटांवर आहे, चेंबर पाच फूट खोल. म्हणजे झिरपाही आहेच.

आता अडचण वेगळी. पन्हळ तोडून पाणी सोडू कुठे? गल्लीचा उतार आमच्याच ओट्याकडे आहे आणि पावसाळी कांस (पावसाच्या पाण्याचा नाला) गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. विहिरीत सोडावं तर पातळी आणखी चढेल आणि तेच पाणी सांध्यांतून परत लाइनीत. कुणी जुन्या गल्लीत हे केलंय का?