ल्युसीनला सोडियम लागतं की नाही?

निशिगंध: "सोडियम काढलं की पेशीत अमिनो आम्लांची आयात बंद" असं काल इथल्या एका लेखात वाचलं. इतकं सरसकट? ॲलॅनिन हे अमिनो आम्ल आत आणणारी प्रणाली ए (पेशीच्या पडद्यातल्या वाहक प्रथिनांचा एक गट) सोडियमवर चालते, कबूल. पण ल्युसीन, फेनिलॲलॅनिन आणणारी प्रणाली एल अदलाबदलीवर चालते: एक आत, एक बाहेर. ऑक्सेंडर आणि क्रिस्टेन्सेन यांनी १९६३ मध्येच एर्लिख पेशींत (उंदरांतल्या कर्करोगाच्या पेशी) या दोन वाटा वेगळ्या काढल्या होत्या.

कोकणकडा: लेख माझाच. लॅट-१ (प्रणाली एलचा वाहक) ल्युसीनच्या बदल्यात बाहेर काय सोडतो? बऱ्याचदा ग्लुटामाइन. ते आत साठलं कशाच्या जोरावर? बाहेर १४५ मिलिमोलर सोडियम, आत १०-१५, त्या उतारावर स्नॅट-२ (प्रणाली एचा वाहक) ते ओढून आणतो. उतार मोडला की ल्युसीनचा साठाही ओसरणार.

निशिगंध: ओसरेल, पण हळूहळू. तुम्ही 'बंद' लिहिलंय! पेशींभोवतीच्या द्रावणात (बफरात) सोडियम क्लोराइडच्या जागी कोलीन क्लोराइड घाला, बफरातला सोडियम फॉस्फेटही बदला (नेमकं हेच राहून जातं), एक मिनिट किरणोत्सारी ल्युसीन द्या, बर्फगार बफरने तीनदा धुवा आणि मोजा. ल्युसीन शिरलेलं दिसेल. त्यात बीसीएच (प्रणाली एलला अडवणारं रसायन) घातल्यावर जेवढं घटेल तो एलचा वाटा. सोडियम असताना हा हिशेब करू नका. बीसीएच सोडियमवर चालणाऱ्या काही वाहकांनाही अडवतं.

पिपेट: आधी पेशी अमिनो आम्लांविना उपाशी ठेवणं थांबवा! आत बदल्यात द्यायला काही उरत नाही, ल्युसीन कमी शिरतं आणि दोष वाहकावर येतो. वर काही तासांत स्नॅट-२ वाढतो, म्हणजे ए प्रणालीचा आकडाही फुगतो.

मंजिरी: पेशींचं पुरे, पार्किन्सनच्या रुग्णांचं बोला. लेव्होडोपा (त्यांचं औषध) मेंदूत शिरतो तो याच लॅट-१ मधून. गोळीबरोबर पनीर, अंडी, डाळ खाल्ली की त्यांतल्या अमिनो आम्लांची याच दाराशी गर्दी होते आणि गोळी घेऊनही हात थरथरत राहतो.

कोकणकडा: मग काय, प्रथिनं तोडायची? वजन आधीच उतरलेलं असतं त्यांचं.

मंजिरी: तोडायला कोण सांगतंय? गोळी जेवणाआधी अर्धा तास. मळमळलं तर सोबत साधं बिस्कीट, दूध नको. तरी गोळीचा असर मध्येच उतरत असेल, तर डॉक्टरांना विचारून प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घ्यायचा.

पिपेट: आतड्यातही हीच चढाओढ असते, नुसता मेंदूचा दरवाजा धरून बसू नका. आणि आजाराच्या सुरुवातीला अनेकांना जेवणाचा फरक जाणवतही नाही. सगळ्यांना घाबरवू नका.

मंजिरी: सुरुवातीचं मान्य. पण पुढच्या टप्प्यातल्यांना हे कुणी सांगतच नाही, राग त्याचा आहे.

कोकणकडा: 'बंद' शब्द मागे घेतो. सोडियमच्या उताराशिवाय ल्युसीनचा साठा टिकत नाही, हे मात्र सोडणार नाही.

निशिगंध: साठ्याचं मीही नाकारलेलं नाही. लेखातलं वाक्य आजच बदला, मुलं तेच पाठ करतात.