मदत हवी आहे: वेल लॉगमधला गहाळ सॉनिक कसा भरायचा?

नमस्कार मंडळी. कराडला एम.एस्सी. जिओलॉजी करतोय. प्रोजेक्टसाठी नॉर्वेच्या समुद्रातल्या विहिरींचा 'फोर्स २०२०' हा वेल लॉगचा (विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेल्या खडकांच्या मोजमापांचा) खुला डेटा घेतलाय. गॅमा रे (खडकाची नैसर्गिक किरणोत्सर्गिता) सगळीकडे आहे. शिअर सॉनिक (शिअर ध्वनिलहरीला खडकातून जायला लागणारा वेळ) मात्र बहुतेक ठिकाणी नाहीच.

पायथनमध्ये एक्सजीबूस्ट (मशीन लर्निंगची एक पद्धत) लावून गॅमा, डेन्सिटी, न्यूट्रॉन, रेझिस्टिव्हिटी या इतर मोजमापांवरून तो काढतोय. सगळ्या ओळी मिसळून ८०:२० (शिकवायला : तपासायला) वाटणी केली की निकाल झकास. अख्खी विहीर बाजूला ठेवून तपासलं की चूक बरीच वाढते. कारण उघड आहे: रीडिंग साधारण १५ सेंटिमीटरवर एक, त्यामुळे शेजारची ओळ जवळजवळ उत्तरच सांगते. म्हणून विहिरीनुसारच तपासायचं ठरवलंय.

अडलंय ते वॉशआउटपाशी, म्हणजे विहिरीची भिंत ढासळून भोक रुंद झालंय तिथे. कॅलिपर (भोकाचा मोजलेला व्यास) बिट साइजपेक्षा (ड्रिलच्या टोकाच्या व्यासापेक्षा) बराच मोठा दिसतो तिथली डेन्सिटी भरवशाची नसते. त्या ओळी काढू, की कॅलिपरच इनपुट म्हणून देऊ? आणि भरलेल्या आकड्यासोबत अनिश्चिततेचा पट्टा दाखवायला क्वांटाइल रिग्रेशन (एका आकड्याऐवजी खालची-वरची मर्यादा काढायची पद्धत) पुरेल का?

सर म्हणतात, हेच मॉडेल कोयनेकडच्या बोअरहोलवर चालवून बघ. मला ते पटत नाही. वाळूखडक आणि शेलवर शिकलेलं मॉडेल आपल्या बेसॉल्टमध्ये काय दिवे लावणार! इथे गॅमा एकूणच कमी, खरा फरक घट्ट आणि सच्छिद्र थरांतला. थोडा स्थानिक डेटा घालून मॉडेल पुन्हा शिकवलं तर जमेल, की शून्यापासून सुरुवात करू?

सातारा-सांगलीत कुणी प्रत्यक्ष लॉगिंग केलं असेल तर प्लीज सांगा, भेटायला येईन.