मदत हवी आहे: कॉमिक्स प्री-स्क्रीनला पाठवताना किमान ग्रेड ९.८ लिहावी की ९.६?

नमस्कार मंडळी,

ग्रेडिंगवर जुने धागे भरपूर आहेत, पण प्री-स्क्रीनबद्दल सगळीकडे एखाद-दुसरी ओळ, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझ्याकडे मुख्यतः १९८० नंतरच्या कॉमिक्सचा एक गठ्ठा आहे. बरीचशी एकदाच वाचलेली, काही तर न वाचताच पाकिटात गेलेली. त्यातली तीसेक सीजीसीकडे (कॉमिक्सची अवस्था तपासून १० पैकी ग्रेड देणारी अमेरिकन कंपनी) पाठवायची म्हणून बाजूला काढली आहेत. सगळीच स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडचं लेबल लावलेल्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, बंद करायची मला हौस नाही. वरची ग्रेड मिळाली तर करायची, नाहीतर आहेत तिथे बरी आहेत. म्हणून प्री-स्क्रीन.

मला समजलंय ते असं. फॉर्मवर आपण किमान ग्रेड लिहायची. प्रत तेवढ्या ग्रेडची भरली तर पूर्ण फी लावून तिचा स्लॅब होतो. नाही भरली तर थोडी नकार-फी कापून ती आपल्याकडे जशीच्या तशी परत येते. एखाद-दुसऱ्या प्रतीसाठी ही सोय नाही, ठरावीक संख्येचा गठ्ठाच लागतो. इथपर्यंत बरोबर आहे ना?

अडलंय ते पुढे. किमान ९.८ लिहिली तर निम्म्याहून जास्त परत येतील अशी भीती वाटते. ९.६ लिहिली तर ज्यांची ९.६ नको होती त्यांचीही पूर्ण फी भरावी लागणार. दुसरं म्हणजे प्रेसिंग (प्रत दाबून वाक-सुरकुत्या घालवणं) आधी करून घ्यावं का? आणि तिसरं, एका प्रतीबद्दल. काळं, चकचकीत मुखपृष्ठ आहे. कण्यावर (घडीच्या पिना मारलेल्या कडेवर), खालच्या पिनेच्या जरा वर, केसाएवढ्या दोन रेघा आहेत. समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. दिवा बाजूला धरून प्रत तिरकी केली की एक रेघ चमकते आणि लगेच नाहीशी होते. दुसरी मात्र कशीही धरा, पांढरीच दिसते. अशी प्रत यादीत ठेवावी का?

ज्यांनी खरोखर पाठवली आहेत त्यांनी सांगावं. ‘ग्रेडिंग म्हणजे पैसे काढण्याचा धंदा’ हा वाद इथे कृपया नको, त्यासाठी वेगळा धागा आहे.

प्रतिसाद – मलपृष्ठ

तुम्हाला समजलंय ते बरोबर आहे, पण एक गोष्ट त्यात राहिली. नाकारलेल्या प्रतीला कुठलीच ग्रेड मिळत नाही. ९.८ ला नाकारली म्हणजे ती ९.६ होती की ८.५, हे तुम्हाला कळणार नाही. काही लोक प्री-स्क्रीनला स्वस्तातला सल्ला समजून गठ्ठे पाठवतात आणि मग चिडतात. तो सल्ला नाही, चाळणी आहे.

आता हिशेब. दर बदलत असतात, म्हणून आकडे नुसते समजण्यापुरते धरा: पूर्ण फी १०, नकार-फी २, प्रती ३०. त्यातल्या २४ पास झाल्या तर २४० अधिक १२, म्हणजे २५२. एका स्लॅबमागे साडेदहा. फक्त ८ पास झाल्या तर ८० अधिक ४४, म्हणजे १२४. एका स्लॅबमागे साडेपंधरा. इथपर्यंत ठीक आहे. आता प्रत्येक प्रतीच्या प्रेसिंगचे ६ धरा. ते तीसही प्रतींचे लागणार, पास होवोत न होवोत, म्हणजे १८० वर. आता २४ वाल्याला एक स्लॅब १८ ला पडतो आणि ८ वाल्याला ३८ ला! नशिबाने नाही, पाठवण्याआधी घरात किती कडक निवड केली त्यावर हे ठरतं. टपाल आणि विमा यात धरलेलाच नाही.

९.८ की ९.६ हे सगळ्या गठ्ठ्याला एकच उत्तर लावून ठरवू नका. ज्या अंकाच्या प्रती ढिगाने आहेत त्याला ९.६ चा काही उपयोग नाही. १९९१ सालचा एक्स-मेनचा पहिला अंक घ्या. पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांत आला आणि ८० लाखांहून जास्त प्रती दुकानांनी उचलल्या. लोकांनी तो त्याच दिवशी पाकिटात घालून ठेवला. त्याची ९.६ कोणी विचारत नाही. उलट एखादा कमी खपलेला अंक किंवा लवकर मळणाऱ्या पांढऱ्या मुखपृष्ठाचा अंक असेल तर ९.६ सुद्धा मिरवण्यासारखी. सीजीसीचा सेन्सस फुकट बघता येतो, कुठल्या अंकाच्या किती प्रती कुठल्या ग्रेडला आहेत ते त्यात असतं. फक्त एक लक्षात ठेवा: स्लॅब फोडून पुन्हा पाठवलेल्या प्रती त्यात दोनदा मोजल्या गेलेल्या असू शकतात, आणि जे कोणी पाठवलंच नाही ते तिथे नाहीच.

प्रतिसाद – तिरका उजेड

तुमच्या काळ्या मुखपृष्ठाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. चमकून नाहीशी होणारी रेघ म्हणजे नुसता वाक, शाई शाबूत आहे. चांगल्या प्रेसिंगने ती बहुधा जाते. कुठूनही पांढरी दिसणारी रेघ म्हणजे तिथली शाई तुटून आतला कागद उघडा पडलाय. ती कुठल्याच प्रेसिंगने जात नाही. प्रेसिंगमध्ये उष्णता, ओल आणि दाब असतो, रंग नसतो. आणि तिथे मार्करने काळं करायचा विचार मनातही आणू नका. रंग लावलेला सापडला की प्रत रिस्टोअर्ड (दुरुस्ती केलेली) ठरते, लेबल जांभळं येतं आणि किंमत कोसळते. प्रेसिंग मात्र सीजीसी रिस्टोरेशनमध्ये धरत नाही.

९.८ मध्ये अगदी बारीकसा दोष खपून जातो, पण काळ्या कण्यावरची पांढरी रेघ पहिल्या नजरेत दिसते. मी असतो तर ती प्रत ९.८ च्या यादीतून काढली असती.

स्केल नीट बघा म्हणजे हे का ते कळेल. ०.५ ते १० मध्ये एकूण २५ पायऱ्या आहेत, त्यातल्या ९ आणि त्यावरच्या फक्त सात: ९.०, ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ आणि १०. (९.५ किंवा ९.७ नाहीच, तरी फॉर्मवर लिहिणारे आहेत!) वरच्या टोकाला एकेका बारीक दोषाने पायरी घसरते. तीच रेघ ६.० च्या प्रतीवर असती तर कोणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं.

घरी निवड करताना प्रत पाकिटातून बाहेर काढाच. पाकिटाच्या प्लास्टिकवरचे ओरखडे आणि कागदावरचे ओरखडे प्रत पाकिटात असताना वेगळे ओळखू येत नाहीत. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. खोलीतला दिवा बंद, एकच टेबल-लॅम्प बाजूने. आधी कणा, मग चारही कोपरे, मग मलपृष्ठ. मलपृष्ठ लोक विसरतात आणि नेमके तिथेच बोटांचे ठसे असतात. शेवटी मधलं पान अलगद उघडून पिना बघा: गंज, ओढलेला कागद, पिनेतून सुटलेलं पान. छापखान्यातून आलेले दोषही दोषच. मुखपृष्ठ वाकडं गुंडाळलेलं असेल किंवा कापताना कोपरा फाटला असेल तर ‘कंपनीतूनच तसं आलंय’ म्हणून सूट मिळेल या भरवशावर राहू नका.

आणि प्रेसिंग घरच्या इस्त्रीने करायचे व्हिडिओ फिरतात, ते बघून शिकायचंच असेल तर टाकाऊ अंकांवर शिका. फॉइलची, उठावाची किंवा कापून खिडकी केलेली मुखपृष्ठं तर अजिबात नको. जास्त दाब पडला की पिनांचा ठसा पुढच्या पानांवर उमटतो.

प्रतिसाद – बोर्डाची उलटी बाजू

मलपृष्ठ यांच्या हिशेबाला +१.

मी थोडा वेगळा क्रम सुचवतो. प्रेसिंग करणारे काही जण प्रती आधी बघून ‘ही दाबून उपयोग नाही’ असं सांगतात. अशा माणसाकडे आधी गठ्ठा जाऊ द्या. तीसच्या पंधरा होतील, पण मग प्री-स्क्रीनला किमान संख्या भरणार नाही, हीच खरी गोम! त्यासाठी दोघातिघांनी मिळून पाठवणं किंवा मोठ्या विक्रेत्याच्या गठ्ठ्यात आपल्या प्रती घालणं हे मार्ग आहेत. त्यात कोणाची कुठली प्रत याची यादी फोटोसकट आधीच करून ठेवा, मैत्री टिकते.

बाकी प्री-स्क्रीनला मुद्दाम कडक बघतात ही कुजबुज मला पटत नाही. पाठवणाऱ्याची नजर सैल असते, एवढंच.

धागाकर्ता

मंडळी, मनापासून आभार. काळं मुखपृष्ठ यादीतून काढलं. टेबल-लॅम्पखाली बाकीची बघायला घेतली, तर जी सगळ्यात छान वाटत होती तिच्या मलपृष्ठावर अंगठ्याचा अख्खा ठसा निघाला!

आणखी दोन शंका. १९७० च्या दशकातली तीन-चार जुनी मार्व्हल याच गठ्ठ्यात घालू का? आणि एकावर चित्रकाराची सही आहे, खरी आहे, पण साक्षीदार वगैरे काही नाही.

प्रतिसाद – मलपृष्ठ

जुनी वेगळी पाठवा. त्यांना ९.८ ची चाळणी लावण्यात अर्थ नाही, तिथे ७ किंवा ८ सुद्धा चांगली असू शकते. पाठवायच्या आधी पानं मोजा आणि एकेक उलटून बघा. १९७४ ते १९७६ च्या सुमाराच्या मार्व्हलमध्ये वाचकांच्या पत्रांच्या पानावर ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापलेला असायचा आणि तो कापून संग्रहवहीत चिकटवायची योजना होती. पोरांनी इमानाने कापले. १९७४ च्या हल्कच्या १८१ व्या अंकात वुल्व्हरिन हा नायक पहिल्यांदा पूर्ण रूपात आला, त्या अंकाच्या कितीतरी प्रती याच चौकोनी भोकामुळे बाद झाल्या आहेत. बाहेरून काही कळत नाही.

सही केलेली प्रत प्री-स्क्रीनमध्ये नको. सीजीसीचं पिवळं लेबल त्यांच्या साक्षीदारासमोर झालेल्या सहीसाठी असतं. साक्षीदार नसेल तर ती सही मुखपृष्ठावरचं लिखाण धरली जाऊ शकते, आणि मग हिरवं लेबल (दोष नोंदवून दिलेली ग्रेड) येऊ शकतं. ती स्वतःजवळ ठेवा.

प्रतिसाद – तिरका उजेड

पॅकिंगचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्रत्येक प्रत नव्या पाकिटात, नव्या बोर्डासह (प्रतीमागे घालायचा पातळ पुठ्ठा). पाकिटाची चिकटपट्टी प्रत बाहेर काढताना मुखपृष्ठाला लागते आणि शाई उचलून नेते, म्हणून पट्टीचं टोक दुमडून ठेवा, समोरच्याला कात्री न लावता उघडता आलं पाहिजे. पाच-सहा प्रतींची चवड दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठा प्रतीपेक्षा सगळ्या बाजूंनी बोटभर मोठा. रबरबँड नको, कण्यावर खाच पडते. खोक्यात खोकं, आणि हलवून बघितल्यावर आत काहीही सरकता कामा नये. फॉर्मवर ज्या क्रमाने नावं लिहिली त्याच क्रमाने प्रती लावा आणि किमान ग्रेडचा रकाना रिकामा राहिला नाही ना ते खोकं बंद करायच्या आधी बघा.